जुन्या टीव्हीसारखी गोलसर मराठी पाटी : खर्च किती?

कर्जतजवळच्या दहिवलीत कॅफे, होमस्टे किंवा दुरुस्तीचं दुकान काढताय आणि पाटीवर डबा टीव्हीच्या पडद्यावर दिसायची तशी गोलसर अक्षरं हवीत? मग आधी ठरवा : फक्त नाव हवंय की अख्खा फॉन्ट? खर्चाचा सगळा फरक तिथेच पडतो.

काय मागायचं?
पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे ओळी आखत जायचा. आपल्या टीव्हीत अशा ६२५ ओळी असत. झोताचा ठिपका मध्ये प्रखर आणि कडेला मंद, म्हणून अक्षरांचे कोपरे मऊ दिसत. डिझायनरला नुसतं ‘रेट्रो’ सांगू नका. ‘टोकं गोल, जाडी एकसारखी, आतले कोपरे किंचित भरलेले’ असं सांगा.

पर्याय १ : तयार फॉन्ट, खर्च शून्य
मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘बालू २’ गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे. तो गुबगुबीत आहे, देवनागरीत आहे आणि धंद्यासाठीही वापरता येतो. ‘व्हीटी३२३’ हा जुन्या टर्मिनलवरून केलेला फॉन्टही मोफत आहे, पण त्यात देवनागरी नाही. जुन्या कोरलड्रॉमध्ये युनिकोड मराठी टाकली की वेलांट्या आणि रफार सरकू शकतात. म्हणून फ्लेक्सवाल्याला फाइल कर्व्ह करूनच (अक्षरांचे आकृतीत रूपांतर करून) द्या.

पर्याय २ : फक्त नाव
इथे कामाचा एकच ठोक दर ठरवा. कच्चे नमुने किती, दुरुस्त्या किती वेळा, शेवटी कोणत्या फाइल मिळणार, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. नमुना आला की शिरोरेषा बघा. ‘दहिवली’तल्या प्रत्येक अक्षराची रेघ दोन्हीकडे गोल केली, तर सांध्या-सांध्यात खाचा पडतात. रेघ शब्दाच्या दोन टोकांनाच गोल हवी.

पर्याय ३ : पूर्ण फॉन्ट
मुळाक्षरांवर भागत नाही. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रांचे प्रकार धरून काढायच्या आकारांचा आकडा काही शेंवर जातो. नुसत्या हिशेबासाठी ६०० आकार, प्रत्येकी २०० रुपये धरा : १,२०,००० रुपये. डिझायनर जीएसटीत नोंदलेला असेल तर १८ टक्क्यांचे २१,६०० वेगळे. एकूण १,४१,६००. पैसे चुकते करण्याआधी ‘कर्जत’, ‘उल्हास’, ‘कऱ्हाड’, ‘ॲसिड’ टाइप करून बघा. मराठी वळणाचे ल आणि श आहेत का तेही तपासा. स्वतः करणार असाल तर फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरपैकी फॉन्टफोर्ज मोफत आहे. ग्लिफ्स सुमारे ३०० युरोंना पडतं आणि फक्त मॅकवर चालतं.

हक्क आणि सरकारी फी
पैसे दिले म्हणून अक्षरांचा कॉपीराइट आपोआप तुमचा झाला, असं धरून चालू नका. लेखी हस्तांतरण करून घ्या. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षंच धरतो. नाव-चिन्हाच्या ट्रेडमार्कची ऑनलाइन फी व्यक्ती किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनुसार दुकानाची पाटी देवनागरी मराठीत हवी आणि इतर भाषेची अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत, हेही डिझायनरला सांगा.

एका दुकानाला दुसरा पर्याय पुरतो. मेनू, पुस्तिका, वेष्टनं सगळं त्याच अक्षरात छापायचं असेल, तरच तिसऱ्याच्या वाटेला जा.