विलीनीकरण : थापटणं मारून कळतं का?

प्रश्न : मी तेरचा. वडिलांचं खातं हैदराबाद बँकेत होतं, २०१७ मध्ये ते स्टेट बँकेत गेलं. २०२५ मध्ये आमच्या भागातली ग्रामीण बँकही विदर्भ-कोकणच्या बँकेशी एक झाली. माझ्याकडे थोडे शेअर आहेत. त्यातल्या एका कंपनीच्या विलीनीकरणाच्या बातम्या सध्या येतात. अशी जुळणी टिकेल की फसेल, हे आधी ओळखता येतं का? गोरोबाकाकांनी थापटणं मारून संतमंडळी पारखली, तसं काही थापटणं या कामी आहे का? — एक वाचक, तेर (जि. धाराशिव)

उत्तर : आहे. पण ते कंपनीच्या जाहीर पत्रकावर मारू नका, कारण पत्रक कायम पक्क्या मडक्यासारखंच वाजतं. खर्च वाचेल, बाजार वाढेल, ताकद दुप्पट होईल, ही वाक्यं टिकलेल्या विलीनीकरणातही असतात आणि फसलेल्यातही. थापटणं मारायचं ते दोन्ही मडक्यांवर, वेगवेगळं, आणि जुळणी होण्याच्या आधी.

तुमच्या हैदराबाद बँकेपासूनच बघू. १९४१ मध्ये निजामाच्या राज्यात ती निघाली आणि संस्थानाच्या उस्मानिया शिक्क्याचा कारभारही तिच्याकडे होता. १९५६ मध्ये ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, १९५९ मध्ये स्टेट बँकेच्या घरात आली. म्हणजे १ एप्रिल २०१७ ला विलीन झाली तेव्हा दोघी जवळजवळ साठ वर्षं एकाच छपराखाली होत्या. सगळे शेअर स्टेट बँकेकडेच असल्यामुळे अदलाबदलीचा भाव ठरवण्याचा वाद नव्हता. त्याच वेळी विलीन झालेल्या बिकानेर-जयपूर बँकेच्या भागधारकांना दहा शेअरमागे स्टेट बँकेचे अठ्ठावीस द्यावे लागले, इथे तो प्रश्नच नव्हता. संगणकाची व्यवस्थाही आधीपासून एकाच घडणीची होती.

एवढं जुळलेलं असूनही पहिल्याच वर्षी, २०१७-१८ मध्ये, स्टेट बँकेला ६,५४७ कोटी रुपयांचा तोटा झाला. सहयोगी बँकांची बुडीत कर्जं बरोबर आली होतीच, शिवाय रिझर्व्ह बँकेने बुडीत कर्ज मोजण्याचे नियम त्याच काळात कडक केले. पुढच्या वर्षी नफा जेमतेम ८६२ कोटी होता, २०२२-२३ मध्ये तो ५०,२३२ कोटींवर गेला. त्या पहिल्या वर्षाच्या आकड्यावरून विलीनीकरण फसलं म्हणणं चूक होतं. आणि नंतरच्या नफ्याचं सगळं श्रेय विलीनीकरणाला देणंही तितकंच चूक, असं मला वाटतं. देशभरातल्याच बँकांची बुडीत कर्जं त्या काळात कमी झाली होती. निकाल लावण्याआधी निदान तीन-चार वर्षांचे ताळेबंद पुढ्यात घ्यावेत.

मग मालक एक असला की काम झालं का? नाही. कुंभाराला विचारा : ओल्या मडक्याला सुकलेला कान लावला, तर वाळताना सांध्यातच तडा जातो. दोन्हींची ओल सारखी लागते. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन्ही सरकारच्याच कंपन्या, २००७ मध्ये एक झाल्या. एक मुख्यतः परदेशी जाणारी, बोइंगवाली. दुसरी मुख्यतः देशात उडणारी, एअरबसवाली. दोघींची मिळून १११ विमानांची मागणी आधीच नोंदवून झाली होती, त्या कर्जाचं ओझं वेगळंच. वैमानिकांचे पगार, बढतीचे नियम, संघटना, सगळं निरनिराळं. हे कसं जुळवायचं, हे ठरवण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली ती २०११ मध्ये, लग्न होऊन चार वर्षं झाल्यावर! २०१२ मध्ये नव्या ड्रीमलायनर विमानांचं प्रशिक्षण कोणाला मिळणार, यावरून जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी संप केला आणि तो जवळपास दोन महिने चालला. अखेर जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली. मधल्या काळात सरकारने त्यात ओतलेला पैसा तुमच्या-माझ्या करातलाच होता, म्हणून हे उदाहरण मला विसरवत नाही.

ही फूट २००७ मध्येच दिसत होती. कोणाची ज्येष्ठता धरणार, कोणाचा पगार कोणाच्या बरोबरीला आणणार, हे दोन प्रश्न तेव्हाच विचारले असते तर उत्तर कोणाकडेच नाही, हे कळलं असतं.

ग्रामीण बँकेचंही असंच तपासा. २००९ मध्ये मराठवाडा ग्रामीण आणि महाराष्ट्र गोदावरी ग्रामीण मिळून महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली, तेव्हा दोघींची पुरस्कर्ती बँक महाराष्ट्र बँकच होती. १ मे २०२५ ला मात्र तिच्याशी विदर्भ कोकण ग्रामीण बँक जोडली गेली, आणि तिची पुरस्कर्ती होती बँक ऑफ इंडिया. म्हणजे दोन घरांच्या पद्धती, आणि पसारा गडचिरोलीच्या भातापासून सिंधुदुर्गच्या आंब्यापर्यंत. इथे मी नफ्याआधी पीककर्ज बघेन. पेरणीच्या आधी ते हातात पडतं का, आणि मंजुरीचा अधिकार शाखेत राहिला की छत्रपती संभाजीनगरच्या मुख्यालयात गेला? तेरच्या शेतकऱ्याला विलीनीकरण यशस्वी झालं की नाही ते यातूनच कळेल.

आता तुमचे शेअर. एक-दोन आकडे नीट पाहिले तरी बराच उलगडा होतो. १ जुलै २०२३ ला एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली, पंचवीस शेअरना बँकेचे बेचाळीस. दोन्ही मडकी पक्कीच होती. पण कंपनीने गृहकर्जं बरोबर आणली डोंगराएवढी, ठेवी त्या मानाने थोड्या. त्यामुळे शंभर रुपये ठेवीमागे बँकेचं कर्ज एकशे दहाच्या आसपास गेलं. १७ जानेवारी २०२४ ला शेअर एकाच दिवसात आठ टक्क्यांहून जास्त पडला. मग बँकेला कर्जवाटपाचा वेग आवरून ठेवी गोळा करत बसावं लागलं. ठेवींची ही तूट दोघांचे ताळेबंद शेजारी ठेवले असते तर आधीच दिसली असती. तुमच्या कंपनीचंही तसंच करा : समोरच्या कंपनीचं कर्ज किती, येणी किती थकलेली, आणि ज्या भावाने शेअर मिळणार तो कोणत्या हिशेबाने निघाला.

गोरोबाकाकांच्या कथेत थापटणं डोक्यावर पडल्यावर ज्याने कुरकुर केली, तेच मडकं कच्चं ठरलं. भागधारकांच्या सभेत थकबाकीबद्दल विचारल्यावर व्यवस्थापन कसं वागतं, तेही मी तसंच ऐकतो. आकडे देऊन उत्तर मिळालं तर ठीक. प्रश्नकर्त्यालाच गप्प बसवलं, तर मी सावध होतो.

अशी योजना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे जाते. मतदान करणाऱ्यांपैकी मूल्याच्या हिशेबाने तीन चतुर्थांश भागधारकांची संमती लागते. त्यासाठी तुम्हाला टपालाने किंवा ईमेलवर नोटीस येईल. शेअर थोडे आहेत म्हणून ती बाजूला टाकू नका. मूल्यांकनाचा भाव कसा काढला, ते त्यात दिलेलं असतं, आणि ई-मतदानाची शेवटची तारीखही.