कथेतील माणूस : निबंधलेखनाच्या तासासाठी एक पाठ

चौथी-पाचवीच्या वह्यांतील कोणताही 'शेतकरी' घ्या. तो कष्टाळू असतो, पहाटे उठतो आणि जगाचा पोशिंदा म्हणून संपतो. आजी प्रेमळ, सावकार दुष्ट, चोर काळाकुट्ट. ही माणसे नव्हेत, शिक्के होत. मुलांनी ती मार्गदर्शिकेतून घेतली असे म्हणून आपणांस सुटता येणार नाही. अशाच वर्णनास आपण आजवर अधिक गुण देत आलो आहोत.

शिक्का किती घातक ठरतो याचे उदाहरण दूर नाही. 1871 च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1955 मध्ये, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' प्रसिद्ध झाली. माणदेशातील धनगरवाडीवर नेमलेल्या तरुण मास्तराची ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. तीत आनंदा रामोशी आहे. तो चोरी करतो आणि ते लपवीत नाही. लेखकाने त्याला साधू केले नाही, खलही केले नाही. त्याच्या चोरीइतकाच त्याचा खरेपणाही दाखविला, आणि वाचकास तो ओळखीचा वाटू लागला. त्याच कादंबरीत, एकच बैल उरलेल्या शेतकऱ्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी जुवाला खांदा देते. येथे 'कष्टाळू' हे विशेषण लिहिण्याची गरजच उरत नाही.

पाठ घेताना मुलांच्या परिसरातील माणूस निवडावा. समजा, शाळा नव्या मुंबईतील सीवूड्सच्या बाजूची आहे. तेथील रेल्वे स्थानकाच्या नावात सीवूड्ससोबत दारावेही आहे. म्हणजे नवे नगर आणि जुने गाव एकाच पाटीवर. 1970 मध्ये सिडको स्थापन झाल्यानंतर या पट्ट्यातील गावांची भातशेती व मिठागरे नगरासाठी संपादित झाली. आता पंचाहत्तरी ओलांडलेले एक आगरी आजोबा कल्पावेत. मुले प्रथम म्हणतील, 'आजोबा दुःखी होते.' तेथे थांबवून विचारावे : आजोबांस आज, या घटकेस, काय हवे आहे? एखादे मूल म्हणेल, त्यांना नातवाला आपले शेत दाखवावयाचे आहे. मग अडचण कोणती? शेताच्या जागी इमारत आहे आणि पहारेकरी आत सोडीत नाही. आजोबा काय करतील? भांडतील? नातवासमोर खोटेच सांगतील की शेत पलीकडे होते? येथे वर्ग जागा होतो. जमिनीची सतत बढाई मारणारा हा गृहस्थ नेमक्या या क्षणी गप्प राहिला, तर तो का, हे मुलांनाच शोधू द्यावे. उत्तर आपण पुरवू नये.

आजोबांच्या तोंडची आगरी बोली मुलाने लिहिली तर तिच्यावर लाल शाई चालवू नये. निवेदन प्रमाण भाषेत असावे, हे ठीक. परंतु दारावेचा म्हातारा पाठ्यपुस्तकासारखा बोलू लागला की तो तत्क्षणी मरतो. माडगूळकरांचे धनगरही माणदेशीच बोलतात. (तपासणीस अधिकाऱ्यांनी याबद्दल आक्षेप घेतल्यास हेच उदाहरण पुढे करावे.)

पहिल्या लेखनास दहा ओळी पुरेत. त्यांत स्वभाववाचक विशेषण एकही नसावे, एवढी एकच अट घालावी आणि लिहिलेले मुलाकडूनच वर्गात वाचवून घ्यावे.