शंका-समाधान : तळ्याच्या पाण्यातले जीव

भालकीजवळच्या एका शिक्षिका लिहितात : शाळेत सूक्ष्मदर्शक आहे. मुलं गावतळ्याचं पाणी बाटलीत भरून आणतात, पण थेंबात काहीच दिसत नाही. आमच्या तळ्यात जीवच नाहीत का?

आहेत, बाई, भरपूर आहेत. मुलं पाणी उघड्या जागी बाटली बुडवून भरत असणार. तिथे जीव विरळ असतात. त्यांची दाटी असते काठच्या गवतावर, शेवाळात, पाण्यात कुजणाऱ्या पानांवर. मूठभर शेवाळ बशीवर पिळा आणि जो गढूळ थेंब पडेल तो काचेवर घ्या. उघड्या पाण्यासाठी जुन्या नायलॉन ओढणीचा शंकू शिवा, तोंडाला तारेचं कडं आणि टोकाला छोटी बाटली बांधा. काठाने दहा-बारा पावलं ओढली की खूप पाण्यातले जीव त्या बाटलीत गोळा होतात. लांब दोरी लावा, मुलांना पाण्यात उतरू देऊ नका.

दुसरी चूक भिंगाची होते. सगळ्यांना मोठ्या भिंगाची घाई असते. सुरुवात सर्वांत लहान भिंगाने करा आणि उजेड थोडा कमी ठेवा, कारण हे जीव काचेसारखे पारदर्शक असतात. फार पळत असतील तर थेंबात कापसाचे चार तंतू टाका.

शेवाळाच्या धाग्यावर व्हॉर्टिसेला शोधा. देठावर उभी उलटी घंटाच ती. टेबलाला हलका धक्का बसला की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो, मग सावकाश, जरा बिचकतच, सरळ होतो. इतकी वर्षं पाहतो आहे, तरी त्या क्षणी माझा हात वहीवर थांबतो.

वही मात्र ठेवाच. तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग, दिसलेल्या जीवाचं चित्र. नाव नंतर सापडेल. बीदरच्या पापनाश तळ्याचा शास्त्रीय अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला आहे. तुमच्या तळ्याची नोंद कदाचित कोणीच केली नसेल, ती तुमच्या मुलांना करता येईल.

आळंद तालुक्यातून एकाने विचारलंय : शेतातल्या विहिरीचं पाणी आजी दुहेरी फडक्यातून गाळते. फडक्यावर पांढरे ठिपके उड्या मारतात. ते काय?

बहुधा सायक्लॉप्स. मिलिमीटरभराचा, कवचधारी, झिंगे-खेकड्यांच्या कुळातला जीव, कपाळावर एकच डोळा. मादीच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या दिसतील.

आजींच्या फडक्यामागे मोठा इतिहास आहे. नारूच्या जंताची पिल्लं हा सायक्लॉप्स खातो. तसं पाणी पोटात गेलं की साधारण वर्षभराने हातभराहून लांब जंत बहुतेक वेळा पायातून बाहेर येऊ लागे. आग शमवायला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवी आणि जंत पुन्हा पिल्लं पाण्यात सोडी. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे हा रोग होता. पाणी गाळण्याची सवय, पायविहिरींऐवजी हातपंप आणि सायक्लॉप्स मारणारं औषध यांनी ही साखळी तुटली. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. यात लस नव्हती, रोग बरा करणारी गोळीही नव्हती.

आजींना गाळू द्या. मात्र जंतू फडक्यातून निसटतात, म्हणून गाळलेलं पाणी उकळूनच प्या.

औरादहून प्रश्न : मे महिन्यात तळं पार भेगाळतं, मग पावसानंतर आठवड्यात जीव येतात कुठून?

त्याच भेगांतून. जलपिसू आणि रोटिफर तळं आटण्याआधी जाड कवचाची अंडी घालतात. ती कोरड्या मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. करून पाहा : भेगेतलं ढेकूळ काचेच्या बरणीत ठेवून वर पावसाचं पाणी ओता. नळाचं असेल तर दोन दिवस उघडं ठेवून वापरा, क्लोरीन उडून जाईल. बरणी उजेडात ठेवा, थेट उन्हात नको. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रोज संध्याकाळी मागून टॉर्च धरून पाहा. ढेकूळ मात्र मृगाचा पाऊस पडण्याआधी उचला, म्हणजे बरणीत दिसलेला जीव मातीतलाच, अशी खात्री राहील.