उद्धृतांचे लेखन : एक संपादकीय प्रश्न

मराठी साहित्य महामंडळाच्या १४ लेखनविषयक नियमांना १९६२ मध्ये शासनमान्यता मिळाली. १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडली. त्यांतील एका नियमानुसार केशवसुतपूर्व पद्य व चिपळूणकरपूर्व गद्य मुळाबरहुकूम छापावयाचे, तदनंतरचे लेखन मात्र नव्या नियमांनी. पाठ्यपुस्तकात ही सोय उचितच. प्रबंधात ती पुरावाच पुसून टाकते. जुन्या लेखनात ‘केली’ हे स्त्रीलिंगी एकवचन व ‘केलीं’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन, हा भेद केवळ अनुस्वाराने कळे. अनुस्वार गाळलेल्या उताऱ्यावरून आगरकरांच्या लिंगवचनव्यवस्थेविषयी काय सिद्ध होणार? संशोधकाने स्वतःचे विवेचन प्रचलित नियमांनी लिहावे, उद्धृते मात्र आधारभूत आवृत्तीप्रमाणेच द्यावीत. आवृत्तीचे वर्षही नोंदवावे. अलीकडील पुनर्मुद्रणांत हे अनुस्वार बहुधा आधीच गळालेले असतात.