घोळणा फुटणे : कारणे व उपचार

आपल्या शहापूर-मुरबाडकडे नाकातून रक्त आले की 'घोळणा फुटला' असे म्हणतात. उन्हाळ्यात शाळेत, वीटभट्टीवर, एस.टी. स्टँडवर हा प्रकार आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. बहुधा तो किरकोळ असतो. परंतु त्या वेळी आपण जे उपाय करतो, ते पुष्कळदा उलटे असतात.

मी डॉक्टर नाही, बँकेतील कारकून आहे. हा विषय समजून घ्यावासा वाटला, त्याला एक प्रसंग कारण झाला. पेन्शनच्या दिवशी आमच्या शाखेतील रांगेत पाड्यावरून आलेल्या सत्तरीच्या एका काकांच्या नाकातून रक्त वाहू लागले. आम्ही त्यांना बाकावर उताणे निजवले, मान मागे केली. कोणी कांदा हुंगवला, कोणी डोक्यावर पाणी थापले. "साहेब, पासबुक तेवढं सांभाळा," एवढेच ते म्हणत होते. थोड्या वेळाने नाकातून येणारे रक्त थांबलेले दिसले, म्हणून आम्हाला हायसे वाटले. वास्तविक ते आत घशात उतरत होते. मग काकांना रक्ताची उलटी झाली आणि सर्वांची गाळण उडाली.

रुग्णालयात डॉक्टरांनी प्रथम त्यांना उठवून बसवले, पुढे वाकवले आणि नाक चिमटीत धरले. रक्तदाब फार वाढलेला निघाला. गोळ्या आणायला गेले की दिवसाची मजुरी बुडते, म्हणून काकांनी दोन महिन्यांपासून त्या बंद केल्या होत्या. आम्ही सात-आठ शिकलेली माणसे तेथे होतो. साधा प्रथमोपचार एकालाही ठाऊक नव्हता.

रक्त कोठून येते?

दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यावर, अगदी पुढच्या भागात, बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्यावरील त्वचा फार नाजूक असते. अमेरिकन शल्यचिकित्सक जेम्स लिटल यांनी 1879 मध्ये या जागेचे वर्णन केले, म्हणून तिला 'लिटल यांची जागा' म्हणतात. दहापैकी सुमारे नऊ वेळा रक्त येथूनच येते. ही जागा बोटांच्या चिमटीत सापडते, ही आपल्या सोयीची गोष्ट आहे. नाकाच्या मागच्या भागातून येणारे रक्त मात्र घशात उतरते, अधिक असते आणि घरी आटोक्यात येत नाही. असे रुग्ण बहुधा वयस्कर असतात.

बाह्यरुग्ण विभागात आढळणारी कारणे

1) कोरडेपणा : पावसाळा सरला की आपल्याकडील हवा कोरडी होत जाते. त्यात भात झोडणीची धूळ, वीटभट्टीचा व राब भाजतानाचा धूर. नाकात खपल्या धरतात, मुले त्या बोटाने काढतात आणि रक्त येते. लोक याला 'उष्णता झाली' म्हणतात. खरे कारण पुष्कळदा नखात असते.

2) सर्दी, ॲलर्जी, नाकाला लागलेला मार, वाकडा पडदा.

3) नाकात अडकलेली वस्तू : चिंचोका, मणी, शेंगदाणा. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित स्राव येत असेल तर हा संशय घ्यावा. खेळण्यातील बटणासारखा सेल अडकला असल्यास एक तासही दवडू नये. तो आतील भाग जाळतो. ओढ्याचे पाणी तोंड लावून प्यायल्यास कधी जळूही नाकात शिरते.

4) रक्तदाब : रक्तदाबामुळेच घोळणा फुटतो असे सरसकट म्हणता येत नाही, परंतु रक्तदाब चढलेला असेल तर फुटलेला घोळणा लवकर थांबत नाही.

5) औषधे व इतर आजार : ॲस्पिरिन व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, डेंग्यू, दारूने बिघडलेले यकृत, हिमोफिलियासारखे रक्तदोष. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

6) सर्पदंश : घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते आणि हिरड्यांतून, नाकातून रक्त येऊ शकते. रुग्णालयात काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते 20 मिनिटांत गोठते का हे पाहतात. येथे चिमटीचा उपयोग नाही; प्रतिविषच हवे.

7) गाठ : वयात येणाऱ्या मुलाचे नाक बंद राहून वारंवार रक्त येत असेल, किंवा प्रौढ माणसाच्या एकाच नाकपुडीतून पुन्हा पुन्हा येत असेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी अवश्य करावी.

प्रथमोपचार

रुग्णाला बसवावे, निजवू नये. मान किंचित पुढे झुकवावी. नाकाचा पुढचा मऊ भाग अंगठा व तर्जनीच्या चिमटीत घट्ट धरावा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगावे. घड्याळ लावून पूर्ण 10 मिनिटे सोडू नये. मध्येच उघडून पाहिल्यास धरलेली गुठळी सुटते. तोंडात आलेले रक्त गिळू नये, थुंकावे. न थांबल्यास आणखी 10 मिनिटे धरावे. कांदा, दुर्वांचा रस, कापसाचा बोळा यांत वेळ घालवू नये. थांबल्यावर एक दिवस नाक शिंकरू नये, कोरू नये, ओझे उचलू नये, कडक गरम चहा टाळावा. पुढे काही दिवस नाकपुडीच्या तोंडाशी पेट्रोलियम जेलीचे बोट फिरवावे.

रुग्णालयातील उपचार

डॉक्टर प्रथम नाडी व रक्तदाब पाहतात. रक्तवाहिन्या आकसवणारे औषध लावून रक्त येण्याची जागा शोधतात. ती दिसली तर सिल्व्हर नायट्रेटने किंवा विजेच्या उपकरणाने डागतात. न दिसल्यास नाकात गॉजची पट्टी किंवा स्पंज भरून एक-दोन दिवस ठेवतात. तरीही न थांबल्यास दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून रक्तवाहिनी बंद करतात. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते.

केव्हा थांबू नये?

20 मिनिटांत रक्त न थांबल्यास, घशात उतरत असल्यास, डोक्याला मार लागला असल्यास, चक्कर किंवा दरदरून घाम आल्यास, ताप व अंगावर लाल ठिपके असल्यास, किंवा रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत. केसपेपरच्या पैशांसाठी कोणी घरी बसू नये.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे की, ही चिमटी घरी आजी-आजोबांना करून दाखवा आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आहेत का, हेही विचारा. त्या काकांचा घोळणा चिमटीने थांबला. पण तो पुन्हा फुटू नये यासाठी दोन महिन्यांपूर्वीच कोणीतरी त्यांना हा प्रश्न विचारायला हवा होता.