परसातला हौदा



मुलांना मोबाईलपासून सोडवायचं कसं, हे गाऱ्हाणं आता घरोघरी ऐकू येतं. सातारा-सांगली भागात ज्यांच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे, त्यांना माझं एक मनापासूनचं सांगणं आहे: परसात कुस्तीसाठी लाल मातीचा छोटा हौदा करा.

आपल्याकडे कुस्ती घरातूनच सुरू होत आली आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना तिचे पहिले धडे वडील दादासाहेबांनी दिले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तिकडे कॅनडात वॉल्टर ग्रेट्झ्की हिवाळ्यात परसात पाणी गोठवून लेकासाठी बर्फाचं मैदान करायचे. तो लेक, वेन, पुढे आइस हॉकीत जगभर गाजला. प्रत्येक मूल एवढं नाव काढेल असं नाही. पण आई-बापाने राबून केलेल्या जागेची ओढ मुलाला लागतेच.

दहा बाय दहा फुटांची, पाणी न साचणारी, सावलीची जागा निवडा. दीड फूट खणा, खडे वेचा. नदीकाठची काळी माती वाळली की ढेकळं होतात, म्हणून लाल माती आणून बारीक चाळा. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळा. काठाला दगड-विटा लावू नका. पावसाळ्यासाठी वर पत्रा हवाच.

खरं काम त्यानंतरचं, आणि ते रोजचं. सकाळी खोऱ्याने सगळी माती खालवर करायची, संध्याकाळी हलकं पाणी शिंपडायचं. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की सुटावा, इतकीच ओल हवी. रात्री ताडपत्री घाला, नाहीतर कुत्री-मांजरं माती घाण करतात. खोरं मुलाच्या हाती द्या. त्यातच खांदे आणि पाठ तयार होते. आणि आपण राखलेल्या जागेत उतरणाऱ्या मुलाला शिस्त वेगळी सांगावी लागत नाही.

हळद-ताकाने माती निर्जंतुक होते, या भरवशावर राहू नका. नखं कापलेली हवीत, खेळून झाल्यावर आंघोळ हवी. अंगावर जखम किंवा गजकर्ण असेल तर मूल हौद्याबाहेर. धनुर्वाताची लस वेळेवर द्या. डाव वस्तादांकडूनच शिकू द्या आणि घरी मोठं माणूस जवळ असल्याशिवाय लढत नको.

मुलींनाही उतरवा. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ साली सांगलीतच झाली आणि ती जिंकली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने. लेकीला अडवायला आता कुठलंही कारण उरलेलं नाही.

परस नसेल तर गावच्या तालमीत न्या. पण मुलाला दारात सोडून परत फिरू नका. अर्धा तास थांबा, खोरं हाती घ्या, चार फावडी माती तुम्हीही ओढा. मुलांना आज सर्वांत कमी काय मिळत असेल, तर तो तुमचा वेळ. तेवढा द्या.