चारशेसातला कॅम घेताना

नांदेड-लातूर पट्ट्यात जुनी चारशेसात अजून कमावती आहे. टाटांनी ती १९८६ मध्ये आणली. तेव्हापासून सोयाबीनची पोती, लातूरच्या डाळ मिलचा माल, वसमतकडची हळद, लग्नाचा मंडप असं काहीही तिच्यावर लादलं जातं. अशा गाडीच्या इंजिनाने मान टाकली की नवं इंजिन परवडत नाही, गाडी भंगारात घालवत नाही. मग जुन्या बाजारातून दुसरं इंजिन आणून बसवायचं ठरतं. क्रँक कुठल्या साईजचा, लायनर कसे, पिस्टन कोणत्या कंपनीचे, हे सगळे विचारतात. कॅमशाफ्टचं कोणी विचारत नाही. माझ्या गाड्यांची इंजिनं बांधून घेताना जे कळलं ते खाली देतो.

१. गाडी काय ओढते, ते आधी ठरवा.
हल्ली पोरं मोबाईलवर रेसच्या गाड्या बघतात आणि मिस्त्रीला म्हणतात, "मोठा कॅम टाका ना." कॅमचा उंचवटा वाढवला की व्हॉल्व्ह जास्त उघडतो, जास्त वेळ उघडा राहतो आणि इंजिनाची ताकद वरच्या आरपीएमला सरकते. मोकळ्या ट्रॅकवर पळणाऱ्या पेट्रोल गाडीला ते चालतं. आपली गाडी भरल्या पोत्यांनिशी लोहा-अहमदपूरच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेटत असते. तिला खालच्या आरपीएमला ओढ लागते. शिवाय डिझेलचं कॉम्प्रेशन पेट्रोलच्या जवळपास दुप्पट. पिस्टन वर आला की हेडखाली जागा उरते ती कागदाच्या थप्पीएवढी. त्या जागेत व्हॉल्व्ह जास्त खाली आला तर पिस्टनवर आदळणारच. कंपनीने दिला तोच कॅम घ्या. यावर माझ्याशी वाद घालायला येऊ नये.

२. "४९७ चा कॅम द्या" एवढ्यावर भागत नाही.
चारशेसातच्या या ४९७ इंजिनाच्या नावातला चार म्हणजे सिलिंडर आणि सत्त्याण्णव म्हणजे बोअर, मिलिमीटरमध्ये. स्ट्रोक १००, एकूण २९५६ सीसी. पण ४९७ मध्ये साधं इंजिनही आहे आणि टर्बोचंही. टर्बोवाल्याचा कॅम त्याच्या हवेच्या हिशोबाने घडवलेला असतो. दोन्ही काउंटरवर शेजारी ठेवले तर डोळ्यांना सारखेच दिसतील. ब्लॉकवरचा इंजिन नंबर आणि जुन्या कॅमवर ठोकलेला नंबर लिहून न्या आणि पार्ट नंबर जुळल्याशिवाय पैसे काढू नका. मोठ्या ट्रकचं ६९७ इंजिनही ९७ च्याच बोअरचं, पण त्याचा स्ट्रोक १२८. नाव जवळचं असलं तरी घराणं वेगळं.

३. सुटा कॅम घेण्यापेक्षा ब्लॉकसकट घ्या.
नांदेडची माणसं मुंबईच्या कुर्ल्याऐवजी हैदराबादला जातात, ते जवळ पडतं. तिथे हाफ इंजिन मिळतं. कॅम, टॅपेट आणि कॅमचे बुश एकमेकांवर घासून बसलेले असतात. ती जोडी मोडली नाही तर निम्मं काम झालं. टॅपेट काढताना कुठलं कुठल्या भोकातलं ते खोक्यात ओळीने लावून ठेवायला सांगा. बऱ्याच गॅरेजमध्ये सगळी एका डबड्यात रॉकेलमध्ये पडतात, आणि मग कुठलं कुठलं ते कोणालाच सांगता येत नाही.

४. मोजल्याशिवाय कॅम घेऊ नये.
कॅम चकचकीत पुसून ठेवलेला असतो. दुकानदार म्हणतो, "एकदम नव्यासारखा आहे, मालक." आपण मायक्रोमीटर मागायचा. बोरिंगवाल्याकडे असतोच. आधी कॅमच्या नाकापासून मागच्या गोल भागापर्यंतचं माप घ्यायचं, मग त्याला काटकोनात गोल भागाचा व्यास. दोघांतला फरक म्हणजे त्या कॅमचा उंचवटा. चारही इनटेकचे उंचवटे आपसात सारखे यायला हवेत, चारही एक्झॉस्टचे आपसात. एखादा बाकीच्यांपेक्षा वेगळा निघाला तर कॅम बाजूला ठेवा. नाकावरून नख ओढा. ते अडकलं किंवा टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसले, तर वरची कडक कातडी गेली आहे.

एवढं का करायचं, तेही सांगतो. एक्झॉस्टचा एक उंचवटा झिजला की जळलेला धूर पुरता बाहेर जात नाही आणि एअर क्लीनरमधून फुसफुस ऐकू येते. इनटेकचा झिजला तर हवा कमी पडते आणि काळा धूर निघतो. मिस्त्री नोझल काढतो, नोझलवाला पंप उघडायला लावतो. टॅपेटचा गॅप मात्र बरोबरच दाखवतो, कारण गॅप कॅमच्या गोल भागावर मोजतात आणि झीज असते नाकावर. पाकीट रिकामं झालं तरी धूर तोच.

५. नव्या कॅमवर जुनं टॅपेट चालवू नका.
टॅपेटचा तळ दिसायला सपाट, पण किंचित फुगीर असतो. त्यामुळे कॅमवर ते गोल फिरत राहतं आणि झीज सगळीकडे वाटली जाते. एका टॅपेटचा तळ दुसऱ्याच्या कुशीला लावून उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला तर तळ खोलगट झाला आहे. ते टॅपेट नवा कॅम खाऊन टाकेल. आठही टॅपेट नवीच घ्या.

६. भरून, घासून आणलेला कॅम स्वस्त मिळतो.
मी घेत नाही.

७. टायमिंगच्या खुणा स्वतः बघा.
क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा, म्हणून कॅमच्या गिअरला दुप्पट दात. क्रँक, कॅम आणि डिझेल पंप यांच्या खुणा जुळल्यावर टायमिंग कव्हर लावण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नंतर मिस्त्री आणि पंपवाला एकमेकांकडे बोट दाखवू लागले की तो फोटो कामाला येतो.

८. आरटीओ आधी, चेनपुली नंतर.
गाडी एमएच-२६ ची असो की एमएच-२४ ची, इंजिन नंबर आरसीवर असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या बदलांचं आहे. त्याच कंपनीचं, त्याच जातीचं इंजिन असेल तर मंजुरी घेऊन नवा नंबर चढवता येतो. साध्याच्या जागी टर्बो बसवला तर प्रश्न विचारले जातात. जुन्या इंजिनाचं पक्कं बिल नसेल तर ते चोरीच्या गाडीचं नाही हे कशावरून सांगणार? बिल नसेल तिथून घेऊच नका, भाव कितीही खाली असो.

९. पहिल्या स्टार्टला घाई नको, पण आळसही नको.
बसवताना कॅमच्या नाकांना आणि टॅपेटच्या तळाला असेंब्लीचं मॉलीवालं ग्रीस लावा. स्टार्ट झाल्यावर वीसेक मिनिटं थोडी रेस धरून ठेवा. कॅमला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेलं, आणि मंद चालीत ते पुरेसं उडत नाही. पूजेचा नारळ त्याआधी फोडून घ्या. इंजिन घरघरत ठेवून फोटो काढत बसू नका. पहिल्या काही फेऱ्यांनंतर हेड पुन्हा टाईट करून टॅपेट सेट करा. ते काम मजुरीत धरलं आहे का, हे इंजिन खाली उतरवण्याआधीच मिस्त्रीला विचारून घ्या.